सगळे काटे बारावर

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर, दिवसा लॉन्ड्रीचा बॉयलर चालवायचे आणि संध्याकाळी लढाऊ विमान. पहिल्याचा त्यांना पगार मिळायचा आणि दुसऱ्यामुळे नाव मिळालं होतं, पायलट. लॉन्ड्रीतले लोक त्यांना पायलट म्हणायचे, गल्लीतले म्हणायचे, आणि ताई चिडली की तीही म्हणायची, "पायलट, जरा जमिनीवर उतरा, गॅस संपलाय."

विमान अर्थातच कॉम्प्युटरमधलं. तो कॉम्प्युटर मी उरल्यासुरल्या भागांतून त्यांना जोडून दिला होता. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बहुतेक वेळा मी सैल झालेली वायर घट्ट करतो आणि गिऱ्हाइकासमोर चेहरा गंभीर ठेवतो. आमच्या शाळेत विमान होतं ते अक्षरांच्या तक्त्यावर, ‘व’च्या चौकोनात. त्यामुळे भाऊजींनी पहिल्यांदा धावपट्टी सोडली तेव्हा मीही खुर्चीचा हात घट्ट धरला होता. थोड्याच वेळात शत्रूनं त्यांना पाडलं आणि ते समाधानानं म्हणाले, "इंजिन मात्र शेवटपर्यंत थंड ठेवलं, मेहुणे. बघितलंत ना?"

तो खेळ जुन्या युद्धातल्या पंख्याच्या विमानांचा होता. पुढ्यात लहान-मोठ्या गोल तबकड्यांची दाटी. उंची, वेग, तेलाचं तापमान, तेलाचा दाब, पेट्रोल. लढाईत शत्रूवरची नजर काढून तबकडीवर टाकायची आणि परत न्यायची, एवढ्यात आपण मेलेलो असतो. त्यात खेळ बनवणाऱ्यांनी खरेपणाचा असा ध्यास घेतलेला की तबकड्यांच्या काचेवर ओरखडे काढलेले, उन्हाची चमक काढलेली, एवढंच काय, धूळसुद्धा काढलेली. भाऊजींनी मला विचारलं, "ही धूळ पुसता येते का?"

येत होती. खेळाच्या फाइलींमध्ये प्रत्येक तबकडीचं चित्र असतं. ते उघडायचं, त्यात हवे ते बदल करायचे आणि परत जागच्या जागी ठेवायचं. मी त्यांना एकदा दाखवलं. त्यानंतर ते रोज संध्याकाळी स्क्रीनला जवळजवळ नाक लावून, एकेक आकडा ताटाएवढा मोठा करून बसायला लागले. आधी धूळ गेली. मग ओरखडे, मग चमक. ताई म्हणाली, "घरातली धूळ दिसत नाही यांना. विमानातली बरोबर दिसते."

आम्ही हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं. भाऊजी काचा पुसत होते कारण त्यांचे डोळे जात होते, हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आणि त्यांनाही ते माहीत करून घ्यायचं नव्हतं. समोर बघितलं की नजरेच्या मधोमध ओल्या बोटानं पुसल्यासारखा मळकट डाग. कडेचं सगळं ठीक. म्हणून ते माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघायचे. मला वाटायचं, भिडस्त स्वभाव आहे.

बॉयलर चालवायचा तर परवाना लागतो आणि परवान्याला डोळे लागतात. लॉन्ड्रीत दरवर्षी तपासणी व्हायची. भिंतीवर एकच तक्ता, आणि आधीचे लोक मोठ्यानं वाचायचे. भाऊजी रांगेत मागे उभे राहून ती अक्षरं पाठ करून घ्यायचे. डोळे गेले म्हणजे बॉयलर गेला, आणि बॉयलर सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं. विमान येत होतं, पण त्याची जाहिरात कुठे निघत नाही.

ताई म्हणायची, "अहो, एकदा डोळे दाखवून या."

"दाखवतो."

"कधी?"

"आता हा भार कमी झाला की."

लॉन्ड्रीचा भार कधी कमी होत नाही. दवाखान्यांच्या चादरी आणि हॉटेलांच्या चादरी. माणसं आजारी पडायची थांबत नाहीत आणि झोपायचीही.

तबकड्यांचं काम मात्र जोरात होतं. आकडे जाड झाले. मग अधलेमधले आकडे गेले, फक्त महत्त्वाचे उरले. मग तेही गेले. उंची आणि वेग सोडले तर उरली काळी तबकडी, तिच्यावर केशरी काटा आणि काटा जिथे असायला हवा तिथे एक हिरवी फाक. आणि मग भाऊजींना ती युक्ती सुचली जिच्यावर ते फार खूश होते. इंजिनच्या सगळ्या तबकड्या त्यांनी अशा फिरवल्या की सगळं ठीक असेल तर प्रत्येक काटा सरळ वर, घड्याळात बारा वाजतात तसा. आकडा वाचायचाच नाही. नुसती नजर फिरवायची. सगळे उभे तर सगळं बरं. एखादा वाकडा दिसला तर तिथे गडबड.

"मेहुणे, शाळेत प्रार्थनेला मुलं उभी राहतात तसं," ते म्हणाले. "एखादं हललं की लांबून कळतं."

"आमच्या शाळेत सगळीच हलायची," मी म्हटलं.

ही चित्रं मी या खेळाच्या लोकांच्या एका वेबसाइटवर टाकली. दूरदूरच्या लोकांनी ती उतरवून घेतली आणि तारीफ लिहिली. एकानं लिहिलं, किती शांत रचना आहे. दुसऱ्यानं लिहिलं, या माणसाला काय गाळायचं ते कळतं. इंग्रजी माझंही बेताचंच, पण तारीफ कोणत्याही भाषेत लगेच समजते. मी ती भाऊजींना मराठीतून वाचून दाखवायचो. ते माझ्या कानाकडे बघत ऐकायचे. "आता वाचलंत ते परत वाचा," म्हणायचे.

जे संध्याकाळी जमलं ते सकाळी वापरलं, एवढंच झालं. बॉयलरवर एक मोठं प्रेशर गेज होतं, शून्यापासून वीसपर्यंतचं, दहाचा आकडा अगदी वर. लॉन्ड्रीला सातचा दाब पुरायचा. साताचा काटा डावीकडे कललेला दिसतो. भाऊजींनी एका सुट्टीच्या दिवशी बॉयलर गार असताना गेजचा नट सैल केला, सगळं गेजच उजवीकडे कलतं केलं आणि परत आवळलं. आता सातला काटा सरळ वर. काट्याच्या टोकाला केशरी रंगाचा ठिपका. पाण्याच्या काचेमागच्या पत्र्यावर काळे-पांढरे तिरके पट्टे, म्हणजे पाणी कुठपर्यंत आहे ते लांबून कळावं. बॉयलर-रूममध्ये येणारा प्रत्येक जण म्हणायचा, वा, पायलट. मालकसुद्धा म्हणाले.

तेव्हा लॉन्ड्रीचा फिटर हर्नियाचं ऑपरेशन करून घरी पडून होता. तो असता तर हे झालंच नसतं, कारण त्याचं नाव लेव्हल. गवंड्याकडे असते तसली पाण्याच्या बुडबुड्याची छोटी पट्टी त्याच्या शर्टाच्या खिशात कायम असायची. वाकडं काही त्याला बघवायचं नाही. लोकांच्या घरी गेला की आधी भिंतीवरचे फोटो सरळ करायचा, मग चहाला बसायचा. एका लग्नात त्यानं आहेराचं टेबल मोकळं करायला लावून पायाखाली पुठ्ठा घातला होता, असं लोक सांगतात. मला त्यात खोटं काही वाटत नाही.

लेव्हल बरा होऊन कामावर आला तो लॉन्ड्रीच्या सुट्टीच्या दिवशी. गर्दी नसताना हळूहळू सुरुवात करू, असा त्याचा विचार. बॉयलर-रूममध्ये गेला आणि त्याला गेज दिसलं. एवढे दिवस आपण नव्हतो, तर लोकांनी गेज वाकडं करून ठेवलं. कोणाचा तरी धक्का लागला असणार. त्यानं नट सैल केला, खिशातली पट्टी गेजच्या डोक्यावर ठेवली, बुडबुडा मधोमध आणला आणि आवळलं. जगातलं कोणतंही गेज जसं बसवतात तसं, अगदी बरोबर. कोणाला सांगण्यासारखं त्यात काही होतं असं त्याला वाटलं नाही. सरळ केलेल्या फोटोबद्दल तरी तो कुठे कोणाला सांगायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी बॉयलर पेटवला. काटा चढत गेला, पण बारापर्यंत येईना. साताला तो डावीकडेच कललेला होता, जिथे असायला हवा तिथेच. भाऊजींनी कडेच्या नजरेनं बघितलं, काटा वाकडा. म्हणजे दाब कमी. त्यांनी आणखी लाकूड टाकलं.

"आज लाकूड ओलं दिसतंय," असं ते लाकूड वाहणाऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, "कालच्याच ढिगातलं आहे."

बॉयलरचा आवाज बदलला होता. भाऊजींनी नंतर मला सांगितलं, "कान सांगत होते, मेहुणे. पण काटा उभा नव्हता." इतकी वर्षं बॉयलरशेजारी काढलेल्या माणसानं कानाचं ऐकलं नाही. काट्याचं ऐकलं, कारण तो काटा त्यांनी स्वतः सोपा केला होता.

काटा सरळ वर, घड्याळातल्या बारावर आला तेव्हा दाब सात नव्हे, दहा होता. जास्त दाब झाला की आगीला हवा देणारा पंखा आपोआप बंद करणारा एक स्विच बॉयलरला होता. तो मध्येच काम बंद पाडतो म्हणून मालकांनी त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाकायला लावल्या होत्या. सेफ्टी व्हॉल्व्ह दहाच्या थोडा वर उघडणारा. म्हणजे सगळं जिथल्या तिथे गप्प होतं. भाऊजींनी काटा उभा बघितला आणि हात पुसले.

भिंतीपलीकडे इस्त्रीचा मोठा रोलर आहे. दोन बायका दोन बाजूंना उभ्या राहतात, ओली चादर दोघींनी दोन-दोन टोकांना धरायची आणि रोलरमध्ये सोडायची. एका बाजूला आमची ताई. दुसऱ्या बाजूला तिची जोडीदारीण, जिला सगळे मावशी म्हणायचे. दोघींची जोडी जुनी. बोलायचं तोंडानं आणि चादर हातानं, एकीचा दुसरीला अडथळा नाही.

"तुझा पायलट आज फार तापवतोय गं," मावशी म्हणाली. "रोलर चटके देतोय."

"त्यांना काल पाडलं कोणीतरी. तो राग असेल," ताई म्हणाली.

वाफेच्या पाइपाचा जोड मावशीच्या बाजूला होता. त्यातलं पॅकिंग जुनं होतं. ताईनं आवाज ऐकला तो नंतर. आधी तिला कळलं ते हातातल्या चादरीची पलीकडची टोकं एकदम सैल झाली ते.

मावशीचे दोन्ही हात आणि मान भाजली. वाफ दिसत नाही, त्यामुळे नेमकं कुठून मागे सरकायचं तेही तिला कळलं नाही. ताईनं तिला ओढून काढलं. त्याच ओल्या चादरीत गुंडाळून, ज्या दवाखान्याच्या त्या चादरी होत्या तिथेच तिला नेलं.

चौकशी सुरू व्हायच्या आधीच मालकांचा निकाल लागला होता. फिटरनं कोणाला न विचारता गेजला हात लावला, लगेच दुसऱ्या दिवशी अपघात झाला. लेव्हलला घरी बसवलं. सरकारी इन्स्पेक्टर यायचा होता तोवर.

इन्स्पेक्टर यायच्या आदल्या संध्याकाळी लेव्हल भाऊजींकडे आला. मी तिथेच होतो, माऊस साफ करत होतो. खरं तर माऊस साफच होता. त्या घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं आणि मला हाताला काहीतरी हवं होतं. लेव्हल बसला. भिंतीवरचा फोटो वाकडा होता, पण त्याचं लक्ष गेलं नाही.

"पायलट, मी गेज सरळ केलं, एवढंच," तो म्हणाला. "सरळ केल्यानं वाफ कशी फुटेल? मला समजावून सांग. मी रोज तेच डोक्यात घोळवतोय."



ताईनं चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. "दादा, ते वाकडं कधीपासून होतं?"

"मला काय माहीत? मी आलो तेव्हा वाकडंच होतं. कोणाचा तरी धक्का लागला असेल."

"एवढ्या नटाला धक्का?"

"तेच म्हणतोय मी. पण मग मुद्दाम वाकडं कोण ठेवेल?"

चहा न संपवताच तो गेला. ताईनं दार लावलं आणि तिथेच उभी राहिली.

"तुम्ही फिरवलं होतं?"

"हो."

"का?"

"बघायला सोपं पडतं."

"कोणाला?"

ती जवळ आली, त्यांच्या अगदी समोर बसली. "इकडे बघा. माझा चेहरा दिसतो का?"

"कडेनं बघितलं की दिसतो."

"आणि समोरून?"

"समोरून तू आहेस हे माहीत असतं," ते म्हणाले.

ताई उठली, लेव्हलचा अर्धा कप उचलला, मोरीत ओतला आणि धुतला. पुन्हा धुतला. मग म्हणाली, "मावशीला आता भात भरवावा लागतो. तिची सून भरवते. तिला चेहरे सगळे दिसतात. हात चालत नाहीत." एवढंच. भाऊजींना काय करायचं ते तिनं सांगितलं नाही. मीही नाही. मी माऊस परत जोडला.

सकाळी मी त्यांना स्कूटरवर लॉन्ड्रीत नेलं. इन्स्पेक्टरसाहेब मालकांच्या केबिनमध्ये बसले होते. टेबलावर ते गेज, पाइपापासून काढलेलं. कोपऱ्यात लेव्हल, हात पुढे बांधून. भाऊजींवर कोणाचा संशय नव्हता. साहेबांनी अगदी सहज विचारलं, "तुम्ही काटा नेहमी कुठे ठेवायचा? दाखवा जरा."

भाऊजींना फक्त सातावर बोट ठेवायचं होतं. गेज सरळ ठेवलेलं होतं, साताची जागा त्यांना पाठ असणारच. तक्त्यावरची अक्षरं पाठ करणाऱ्या माणसाला एका आकड्याची जागा काय अवघड. मालक त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, ठेवतील.

त्यांनी गेज दोन्ही हातांत घेतलं. उजवीकडे कलवलं, जितकं ते कलवलेलं असायचं तितकं. आणि सरळ वर बोट लावलं.

"इथे. बारावर."

"म्हणजे किती?"

"सात असायचे, साहेब. आकडे मला दिसत नाहीत. बरेच दिवस झाले. म्हणून मी गेज फिरवलं होतं. यांनी सरळ केलं ते बरोबरच केलं. मला कळलं नाही."

लेव्हल भाऊजींकडे असा बघत राहिला जसा कोणी नवा माणूस आत आलाय. साहेबांनी गेज त्यांच्या हातातून काढून घेतलं, हळूच, लहान मुलाच्या हातातून काचेचा ग्लास काढून घेतात तसं.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. परवाना गेला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता? ताई म्हणाली, "काचा पुसत होते." डॉक्टरांना कळलं नाही. आधी आला असता तर जे आहे ते टिकवता आलं असतं, ते म्हणाले, आता मधलं परत येणार नाही. लेव्हलला कामावर परत घेतलं. तो भाऊजींकडे येत नाही. खिशात पट्टीही ठेवत नाही असं ऐकतो. स्विचच्या वायरी इन्स्पेक्टर येण्याआधीच वेगळ्या झाल्या होत्या. तो विषय कोणी काढला नाही. मावशीची बोटं मिटत नाहीत. ताई रोलरवर जाते, नव्या जोडीदारणीशी बोलत नाही, आणि घरी येताना मावशीकडे थांबून तिची वेणी घालून येते. भाऊजी एकदा गेले होते. मावशी म्हणाली, "बसा, पायलट." ते बसले आणि उठून आले.

विमान त्यांनी सोडलं. कॉम्प्युटरवर ताईनं पडदा टाकला.

मग काही महिन्यांनी त्या वेबसाइटवर एक निरोप आला. कोणत्या तरी देशातला माणूस. मी भाऊजींना वाचून दाखवला. तुमचे आभार, त्यानं लिहिलं होतं. मला कोणत्याच तबकडीवरचे आकडे दिसत नव्हते. तुमच्या तबकड्यांवर सगळं स्वच्छ दिसतं. आता वाटतं, माझ्या डोळ्यांना काहीच झालेलं नव्हतं.

भाऊजी माझ्या कानाकडे बघत होते. या वेळी परत वाचा म्हणाले नाहीत.

"त्याला विचारा, काम काय करतो."

मी विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. का विचारता?

"म्हणजे काहीतरी चालवतोय," भाऊजी म्हणाले. त्यांनी स्वतः उठून कॉम्प्युटरवरचा पडदा काढला. "मेहुणे, बसा. प्रत्येक तबकडीवर एक आकडा परत टाका. खाली, कोपऱ्यात. मूळचा होता तेवढाच, मोठा करू नका. आणि वेबसाइटवर चित्रांच्या वर लिहा, आधी तो वाचा. नाही वाचता आला तर खेळ बंद करा आणि डोळे दाखवून या. मी दाखवले नव्हते. पुढे मावशीचं लिहा."

"नाव लिहू?"

"हात लिहा."

मी लिहिलं, बेताच्या इंग्रजीत. तबकड्या एकेक करून उघडल्या, आकडे टाकले. ते खुर्चीच्या पाठीला धरून मागे उभे होते. ताई दारात येऊन उभी राहिली, बराच वेळ.

"दिसतो का नीट?" त्यांनी विचारलं.

"बारीक आहे," ताई म्हणाली. "पण दिसतो."

त्या माणसाचं उत्तर अजून आलेलं नाही. तबकड्या उतरवून घेणारे मात्र कमी झालेत. एकानं तक्रार लिहिली, आधीची जास्त सोपी होती.